हर्षलच्या अर्जावर माझा अभिप्राय

या अंकाच्या संपादक इथे जर्मनीत वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी फोन करून माझ्याकडे लेख मागितला आणि मग जरा घुटमळल्या. विषय तुमच्या नोकरीचाच घ्या मकासरेकाका, पण ते प्रचार वगैरे नको हं, लोक मला विचारतील, असं शेवटी एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, बाई, प्रचाराला मला आयुष्यात फारसा वेळच मिळाला नाही. सगळा वेळ समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हे ओळखण्यात गेला, त्यावरच लिहितो. त्या "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या, पण आवाजावरून त्यांची खात्री पटलेली दिसत नव्हती.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. संशय माझ्या धंद्याच्या पाचवीलाच पुजलेला आहे. मी बाप्टिस्ट पाळक. निवृत्त होईपर्यंत अमेरिकन लष्करात चॅपलेन होतो, म्हणजे सैनिकांचा पाळक, आणि त्यातली बरीच वर्षं इथे जर्मनीत गेली. आता हायडेलबर्गच्या अलीकडच्या एका गावात छोट्या चर्चची मंडळी सांभाळतो. मराठी लोकांच्या कार्यक्रमाला गेलो की "तुम्ही कुठे असता?" या प्रश्नावर मी खरं उत्तर देतो आणि समोरचा गृहस्थ हातातल्या ताटलीकडे बघायला लागतो. याने आपल्याला काही विचारण्याआधी इथून सटकावं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. बायका त्या मानाने धीट. त्या सरळ विचारतात, तुम्ही आमच्या मुलांना काही शिकवणार नाही ना?

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. वडील शाळामास्तर, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्टांना ते चालत नाही. त्यांच्यात माणसाने जाणतेपणी मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास बोलून दाखवायचा आणि मग डोक्यापासून पायापर्यंत पाण्यात बुडून बाहेर यायचं. टेक्सासात धर्मशास्त्र शिकायला गेलो तेव्हा मी पंचविशीत असा पुन्हा भिजलो. वडिलांनी पत्रातून एवढंच विचारलं, की पहिला बाप्तिस्मा पुसला गेला होता का. त्यांना माझा हा नवा पंथ कधी पटला नाही.

पण यातली मेख लक्षात घ्या. जाणतेपणी आलेल्यालाच पाण्यात उतरवायचं, म्हणजे तो मनापासून आलाय का हे कुणीतरी ठरवायला हवं. ते पाळकाने ठरवायचं. एखादा तरुण मला म्हणतो, पास्टर, मला विश्वास पटला. मी आनंदाने त्याचा हात धरतो आणि त्याच वेळी मनात विचारतो, याची मैत्रीण आमच्या मंडळीतली आहे का? बहुतेक वेळा असते.

लष्करात असेपर्यंत जर्मन सरकारच्या कागदांशी माझा संबंध नव्हता. निवृत्त झालो आणि गावच्या नगरपालिकेत, राटहाउसमध्ये, आनमेल्डुंगला, म्हणजे पत्ता नोंदवायला गेलो. तिथे धर्म विचारतात, कारण मोठ्या चर्चचा कर पगारातून कापला जातो. बाईंनी विचारलं, एवांगेलिश की काथोलिश, म्हणजे प्रोटेस्टंट की कॅथलिक? मी म्हटलं, बाप्टिस्ट. त्या करात ते बसत नव्हतं. त्यांनी दोनदा वरखाली पाहिलं आणि रकान्यात आडवी रेघ मारली. व्यवसायाच्या जागी पाळक आणि धर्माच्या जागी रेघ. कागद माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच क्षणभर आपण कोणीतरी भामटे आहोत असं वाटून गेलं.

शेजारच्या फ्राउ केस्लर तर पहिलं वर्षभर आम्हाला झेक्टं समजत होत्या, म्हणजे त्या लोकांना नादी लावणाऱ्या टोळ्या असतात ना, तसलं काहीतरी. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली बाप्तिस्म्याचा हौद आहे. तो भरायला शनिवारी सकाळपासून नळी लावावी लागते, आणि फ्राउ केस्लर खिडकीतून ती नळी बघायच्या. शेवटी एकदा त्या आल्याच, एवढ्या पाण्याचं तुम्ही काय करता म्हणून. मी त्यांना हौद दाखवला, तीन पायऱ्या, निळ्या फरश्या, पाणी कोमट करायचा हीटर. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, हे फार गार आहे, लोकांना सर्दी होईल. तेव्हापासून गुटन मॉर्गन सुरू झालं.

आता चॅपलेनचं काम. त्याला अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, पण हत्यार नसतं. त्याच्यासोबत एक मदतनीस असतो, बंदूक त्याच्याकडे. चॅपलेनची खरी मालमत्ता म्हणजे त्याचं बंद तोंड. सैनिक त्याच्याजवळ जे बोलेल ते कर्नललासुद्धा विचारता येत नाही. तरी सैनिकाला शंका असतेच, की हा अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जेवतो, तिथे बोलत असणार. आणि कर्नलला शंका असते, की याला सगळं माहीत आहे आणि हा ताकास तूर लागू देत नाही. मी दोघांनाही दोष देत नाही.

आणि चॅपलेनची भीतीही असते. घरी मृत्यूची बातमी द्यायला जाणाऱ्यांत तो असतो. आमचा तळ फाल्त्सच्या जंगलालगत होता आणि कुटुंबांच्या तीन-तीन मजली इमारती होत्या. एकदा परेडहून परस्पर, पूर्ण गणवेशात, मी तिसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे ड्रिल मशीन परत मागायला निघालो. दुसऱ्या मजल्यावर एक दार फटीएवढं उघडून एका बाईने बाहेर पाहिलं. तिच्या नवऱ्याची तुकडी तेव्हा बाहेरदेशी होती. मी तिच्या दारावरून पुढे गेलो तशी ती बाई उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली. आपलं दार नाही, म्हणून. मी ड्रिल मशीन तसंच सोडून दिलं आणि पुढे गाडीत कायम एक साधं जाकीट ठेवलं.

बाकी आमचं बरंचसं काम कागदी. धर्मासाठी म्हणून कुणी सवलत मागितली, की त्याचा धर्म खरा आहे का यावर चॅपलेनने लिहून द्यायचं. एक धिप्पाड टेक्सन कॉर्पोरल माझ्याकडे आला, म्हणाला, मी हिंदू झालो, मला शाकाहारी पाकिटं मिळावीत. मैदानात पाकिटबंद जेवण मिळतं, त्यातलं. मी भारतीय, म्हणजे मला समजेल, असा त्याचा हिशोब. मी विचारलं, कोणत्या देवाला मानतोस? तो म्हणाला, सगळ्यांना. चौकशी केली तेव्हा कळलं, की शाकाहारी पाकिटातलं चीज चांगलं असतं. अशा माणसांनी मला हुशार बनवलं, निदान मला तसं वाटायला लागलं.

अशाच कागदांतला सगळ्यात जड कागद म्हणजे युद्धाला विरोध असलेल्या सैनिकाचा अर्ज. माझं मन आता कोणतंच युद्ध मानत नाही, मला मोकळं करा, असं सैनिकाला लिहून देता येतं. मग चॅपलेनने त्याची मुलाखत घ्यायची आणि अभिप्राय द्यायचा, की हा विश्वास खरा आहे का आणि खोल आहे का. ही एकच मुलाखत गुप्त नसते. सुरुवातीलाच तसं बजावून सांगावं लागतं. एरवी तुमची गुपितं पोटात ठेवणारा माणूस त्या दिवशी तुमच्यावर लिहायला बसलेला असतो.

हर्षलची आणि माझी ओळख एका ट्रकखाली झाली. त्याचं खरं नाव वेगळं आहे. मी वाहनांच्या वर्कशॉपमधून चाललो होतो आणि एका चाकामागून स्वच्छ मराठीत "आयला, हा नट कोणी एवढा आवळलाय" असं ऐकू आलं. मी वाकून म्हटलं, मी नाही. तो इतक्या झटक्यात उठला, की डोकं आपटलं. धुळ्याकडचा मुलगा. आईवडील काकांच्या मागे अमेरिकेत गेलेले, हा ग्रीन कार्डवर भरती झालेला, कारण फौजेतून नागरिकत्व लवकर मिळतं. गाड्या दुरुस्त करायचा आणि बिघडलेल्या गाड्या ओढून आणणारा मोठा ट्रकही चालवायचा. गणवेशावर माझं नाव वाचून बाकीचे मला चॅपलेन मॅक म्हणत. हा गणवेशात सर म्हणायचा आणि फाटकाबाहेर पडलं की काका.

तो आणि त्याची बायको श्वेता दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. त्यांच्या घरात गणपती, आमच्या भिंतीवर वधस्तंभ, मध्ये शालिनीचं मटण आणि भाकरी. शालिनी माझी पत्नी. आम्हाला मूलबाळ नाही. तिने त्या दोघांना कधी आपलंसं करून टाकलं ते मला कळलंही नाही. हर्षल एका मोहिमेवर जाऊन आला, परत आल्यावर जरा गप्प झाला. माणसं होतात गप्प. रविवार चालू राहिले. मध्येच त्याने मटण सोडलं, नुसता रस्सासुद्धा नको म्हणायला लागला. मी त्याला चिडवलं, काय रे, माळबिळ घातलीस की काय? तो हसला आणि वरण वाढून घेतलं.

मग तुकडीला पुन्हा निघायचा हुकूम आला. देशाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. त्याच सुमारास एका रविवारी जेवणं झाल्यावर तो माझ्याबरोबर भांडी पुसत होता. श्वेताला दिवस गेले होते. हळूच म्हणाला, काका, श्वेता म्हणते या वेळी काहीही कर पण जाऊ नकोस, काहीतरी कारण काढ. मी म्हटलं, बायकोचं ऐकावं माणसाने. दोघंही हसलो. मी फडकं वाळत घातलं आणि विषय संपला.

तीन आठवड्यांनी कर्नलने मला बोलावून एक फाइल पुढे सरकवली. हर्षलचा अर्ज. युद्धाला मनापासून विरोध. कर्नल वाईट माणूस नव्हता. फाइलवर बोट ठेवून त्याने एवढंच म्हटलं, "हा तुमच्यातलाच ना? तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोलत असता." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, म्हणजे तुम्ही त्याला चांगलं ओळखत असणार.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती तिथेच. नागरिकत्व मिळून गेलेलं. बायको गरोदर. निघायची वेळ आलेली. आणि काहीतरी कारण काढ, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं. त्यात कर्नलच्या त्या "तुमच्यातलाच"ने मी पुरता सावध झालो. मी मुलाखत घेण्यापूर्वीच निम्मा निकाल लावून ठेवला होता, हे आज मला कबूल करायला हवं.

हर्षल ऑफिसात आला. मी त्याला नियम वाचून दाखवला, की इथे बोललेलं गुप्त नाही. समजलं म्हणाला. बोलायला लागला आणि दुसऱ्याच वाक्यात मराठीवर आला. मी त्याला थांबवलं आणि इंग्रजीतच बोल म्हटलं, नोंद करायची आहे. मग तो अडखळत सांगायला लागला. मागच्या मोहिमेत गाड्यांच्या ताफ्यात त्याचा ट्रक शेवटून तिसरा होता. ताफ्याचा नियम असा, की काही झालं तरी थांबायचं नाही, कारण थांबलेली गाडी म्हणजे आयतं सावज. नियमात चूक काही नाही. एका गावाजवळ उजवीकडून काहीतरी चाकाखाली आलं. ट्रक उचलल्यासारखा झाला. शेजारचा सार्जंट म्हणाला, चालत राहा. आरशात नुसती धूळ दिसत होती.

तळावर परतल्यावर त्याने स्वतः चाकं धुतली. काही सापडलं नाही, कापडाचा तुकडा नाही, काही नाही. मी म्हटलं, दगड असेल, कुत्रं असेल.

"असेल," तो म्हणाला. आणि मग माझं न ऐकता मराठीत बोलला. "मला ते कधी कळणारच नाही काका. पुन्हा तिथे बसवलंत तर पुन्हा ऑर्डर येईल आणि मी पुन्हा तसाच पुढे जाईन. म्हणून मला त्या सीटवर बसायचंच नाही. कुणाच्याच लढाईत."

मी विचारलं, इतके रविवार आलास, हे कधी बोलला नाहीस? तो म्हणाला, तुमच्याकडे जेवायला यायचो, जेवताना काय सांगणार? मला वाटलं, काहीतरी पाणी मुरतंय. इतकी मोठी गोष्ट आणि नेमकी अर्जाच्या वेळी आठवली. तो उठून गेल्यावर मी लिहायला घेतलं.

मी लिहिलं, की अर्जदार प्रामाणिकपणे घाबरलेला आहे, पण ती कुटुंबाची काळजी आहे. युद्धाविरुद्धचा विश्वास खोल गेलेला मला दिसला नाही. आणि पुरावा म्हणून लिहिलं, की काही आठवड्यांपूर्वी माझ्या घरी त्याने मला सांगितलं होतं, की पत्नी त्याला काहीतरी कारण काढायला सांगते आहे.

हे लिहिताना माझा हात थांबला होता. मी स्वतःची समजूत अशी घातली, की चॅपलेनला सांगितलेलं गुप्त असतं, पण हे त्याने चॅपलेनला सांगितलं नव्हतं. काकाला सांगितलं होतं, फडकं हातात घेऊन, घरी. घरच्या बोलण्याला तो नियम लागत नाही. एखाद्या अमेरिकन सैनिकाने माझ्याशी बोलताना कुणी ऐकतंय का म्हणून खांद्यावरून मागे जरी पाहिलं असतं, तरी मी ते पोटात ठेवलं असतं. हर्षल आपला होता, म्हणून मी त्याचं बोलणं उचलून कागदावर ठेवलं. आणि आपल्या माणसाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून ते जरा ठळकच लिहिलं.

अर्ज फेटाळला गेला. असे सगळे अभिप्राय अर्जदाराला वाचायला मिळतात आणि त्याला उत्तर देता येतं. हर्षलने वाचला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्याने सॅल्यूट केला आणि इंग्रजीत म्हणाला, की अभिप्राय वाचला सर, मला काही उत्तर द्यायचं नाही. मी मराठीत म्हटलं, बस जरा. तो उभाच राहिला. मी पुन्हा काही म्हणेपर्यंत त्याने परवानगी मागितली आणि निघून गेला.

घरी श्वेताचा फोन शालिनीला आधीच आलेला होता. मी बूट काढत होतो.

"अहो, माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं तुम्ही ऑफिसच्या कागदावर घातलंत?"

मी तिला नियम समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठ महिने त्या पोराने माझ्या हातचं मटण खाल्लं नाही. ताटात मांस बघितलं की तोंड फिरवायचा. ते लिहिलंत का?"

ते मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेक्सन कॉर्पोरलच्या पाकिटावरून त्याचा धर्म तपासणारा मी, माझ्या स्वतःच्या ताटासमोर आठ महिने बसलेला पुरावा थट्टेवारी नेला होता. तेव्हाही पुरवणी अभिप्राय देता आला असता. चार ओळी लिहायच्या, की मी हे विचारात घेतलं नाही. मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कर्नलचं ते बोट डोळ्यांसमोर आलं. लोक म्हणतील, शेवटी आपल्या माणसासाठी फिरलाच. मी भित्रेपणा केला. त्याला दुसरं नाव नाही.

तुकडी निघाली. चॅपलेन तुकडीबरोबर जातो, त्यामुळे हर्षल आणि मी एकाच तळावर होतो. तो माझ्या उपासनेला तसाही येत नसे, पण जेवणघरात मी दिसलो की लांबचं टेबल धरायचा. कामात चूक नव्हती. इतर मेकॅनिक सांगायचे, हा गाडी दोनदा तपासतो. तिकडे त्याला मुलगी झाली. बाळंतपणात हॉस्पिटलात श्वेताजवळ शालिनी होती. श्वेताने तिला तोडलं नाही, आणि मी आजही देवाचे आभार मानतो ते यासाठी. मुलीचा फोटो मला शालिनीने पाठवला. तो हर्षललाही गेला असणार, पण त्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

नंतर एका दुपारी ताफा परतत असताना हर्षलने ट्रक थांबवला. समोर रस्त्यात काहीतरी पडलं होतं. शेजारच्याने ओरडून सांगितलं, चालत राहा. रेडिओवरून हुकूम आला. तो हलला नाही. त्याच्यामागे दोन गाड्या अडकल्या, पुढच्या पुढे गेल्या, ताफा तुटला. हर्षल खाली उतरला आणि चालत पुढे गेला. जवळ गेल्यावर ते पोतं निघालं, भुशाने भरलेलं. त्याने ते बाजूला ओढलं आणि परत येऊन ट्रक सुरू केला. कुणाला ओरखडाही आला नाही. पण थांबून त्याने मागच्या माणसांचे जीव टांगणीला लावले होते आणि ते कुणी नाकारू शकत नव्हतं.

त्याचा हुद्दा काढला आणि वाईट शेरा मारून फौजेतून बाहेर काढायचं ठरलं. मी कर्नलकडे गेलो, म्हणालो, मला त्याच्या बाजूने साक्ष द्यायची आहे, माझा अभिप्राय चुकला होता. कर्नलने माझ्याकडे पाहिलं. आता हा का बदलला, हा संशय त्याच्या नजरेत होता आणि तो रास्तच होता. पण साक्षीची वेळ आलीच नाही. हर्षलच्या वकिलाने निरोप दिला, की अशिलाला चॅपलेनची साक्ष नको आहे.

हर्षल आणि श्वेता जर्मनीतच राहिले. अमेरिकेत त्याच्या काकांना तोंड दाखवायचं नाही म्हणून, असं शालिनी सांगते. इथे आधी त्याला कुणी वर्कशॉपच्या दारातही उभं करेना. आउसबिल्डुंगचा, म्हणजे रीतसर प्रशिक्षणाचा, कागद कुठाय? फौजेतली सगळी वर्षं ट्रकखाली घालवलेल्या माणसाने जर्मन शिकून, पोरांच्या वर्गात बसून परीक्षा दिली. आता कोलोनच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये मोठ्या गाड्या दुरुस्त करतो. मुलगी शाळेत जाते. श्वेता मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्याला भेटायला गेलो, न कळवता. कळवलं असतं तर तो भेटला नसता. वर्कशॉपच्या अंगणात उभा राहिलो. तो हात पुसत बाहेर आला आणि मला बघून जागीच थांबला. पहिला प्रश्न केला, की मला कुणी पाठवलं. म्हटलं, कुणी नाही. मग मी जे इतकी वर्षं पाठ केलं होतं ते सांगितलं. मी चुकलो. घरात विश्वासाने बोललेलं मी बाहेर नेलं. तुझं खरं होतं आणि मला ते ओळखायचं नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्ही कुठे लिहिणार आहात का?"

मी नाही म्हटलं. त्याने मशीनमधून दोन कॉफ्या आणल्या आणि आम्ही उभ्याउभ्याच प्यायलो. त्याने शालिनीच्या गुडघ्याची चौकशी केली. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागे लागलो नाही. क्षमा या विषयावर मी किती उपदेश केले असतील, पण त्या अंगणात त्यातलं एक वाक्य मला कामाला आलं नाही. दहा मिनिटांत त्याला आतून हाक आली.

आता प्रश्न पडेल, की मग हे सगळं मी इथे कसं लिहिलं. संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात हौद आणि कॉर्पोरल एवढंच होतं. लिहायला बसलो आणि बाकी काही सुचेना. मग पूर्ण लिहून काढलं आणि सगळ्यात आधी हर्षलला पाठवलं. सोबत लिहिलं, की तू नको म्हणालास तर फाडून टाकेन. कारण विचारणार नाही. महिनाभर उत्तर नाही. इकडे संपादकांचे निरोप, आल्झो, म्हणजे काय मग काका, अंक छपाईला चाललाय. मी शालिनीला म्हटलं, तो उत्तर देणार नाही, आणि दुसरा लेख सुरू केला.

गेल्या मंगळवारी त्याचा मेसेज आला. जेवण झालं होतं आणि मी चष्मा शोधत होतो, तेव्हा शालिनीनेच वाचून दाखवला.

"छापा. नाव बदला. एक दुरुस्ती आहे. ते पोतं आहे हे मला लांबूनच दिसलं होतं."

मी तिच्या हातून फोन घेऊन पुन्हा वाचला. दिसलं होतं, तर थांबला कशाला? काढून टाकतील हे माहीत असून मुद्दाम थांबला? म्हणजे श्वेता म्हणाली होती तसं, कारण काढलं? की त्याच्याच्याने आता भुशाच्या पोत्यावरूनसुद्धा चाक नेववत नव्हतं? एका क्षणात माझं जुनं दुखणं जागं झालं. मी उलट प्रश्न टाइप करायलाही लागलो होतो. शालिनी समोर बसून माझ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "या वेळी तुम्हाला अभिप्राय कुणी मागितलेला नाही."

लिहिलेलं मी पुसलं आणि फोन पालथा ठेवला. वर मी म्हटलं आहे, की जवळ गेल्यावर ते पोतं निघालं. ते चुकीचं आहे. हर्षलला ते लांबूनच दिसलं होतं आणि तरी तो थांबला. का थांबला, ते मी त्याला विचारलेलं नाही.